अण्णांच्या स्वेटरच्या कानपट्ट्या

बाई, तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. पाटबंधारे खात्यातली माझी नोकरी संपत आली होती तेव्हा, तुमच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण एका लग्नात भेटली. पंगतीत बसल्या बसल्या तिनं सहज सांगितलं, "आपल्या चौथीच्या बाई वारल्या की गं. झाली दोन-तीन वर्षं." मी हातातला घास ताटात ठेवला आणि पाणी प्यायले. तिला वाटलं, ठसका लागला. त्यानंतर तुम्हाला लिहावं असं कितीदा मनात आलं, पण तुम्ही असताना जे तोंडातून निघालं नाही ते तुम्ही नसताना कागदावर उतरवायचं, याची लाज वाटायची. माफी मागायची होती, आणि माफ करणारं माणूसच राहिलं नव्हतं. आज लिहितेय ते वेगळ्या कारणानं. गेल्या रविवारी आईनं मला जे सांगितलं, ते सांगायला तुमच्याशिवाय मला दुसरं कुणी सुचत नाहीये.

मी आता पुंडलिकनगरला राहते. आई माझ्याजवळ असते. पंच्याऐंशीची आहे, कानानं थोडी कमी, बाकी अजून स्वतःची भाकरी स्वतः थापते. निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात, रविवारी सकाळी, मी गल्लीतल्या मुलांना गच्चीवर उन्हात बोलावते आणि त्यांच्याकडून लोकरीची कामं करून घेते. विकत काही आणायचं नाही, हा तुमचाच नियम. घरात पडून असलेलं आणायचं, आटलेले पायमोजे, फाटके मफलर, जोडीतला एकच उरलेला हातमोजा. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या चकत्या कापून आम्ही त्यावर गोंडे करतो. पार्सलच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याला चिरा पाडून माग करतो. बाटल्यांच्या झाकणांवर लोकर गुंडाळली की बोटभर टोप्या होतात, त्या मुलं पेन्सिलींना घालतात आणि दिवसभर त्या पेन्सिलींची आपसांत भांडणं लावतात. एका मुलीनं मला विचारलं, "आजी, हे तुम्ही मोबाइलवर बघून शिकलात?" मी म्हटलं, "छावणीतल्या शाळेत शिकले. आमच्या बाईंनी शिकवलं." तिला ते फारसं पटलं नाही.

तर गेल्या रविवारी याच मुलीनं पिशवीतून मोठ्या माणसाचा एक स्वेटर काढला. निळा, हातानं विणलेला, कोपरांवर विरलेला. "हा उसवायचा," म्हणाली. मी विचारलं, "घरी विचारलंस का?" ती पटकन म्हणाली, "हो." बाई, नऊ वर्षांच्या पोरीचं ते 'हो' ऐकलं आणि माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. मला पुढं काही करताच येईना. "आज नको, पुढच्या रविवारी बघू," असं म्हणून मी स्वेटर घडी करून तिच्या पिशवीत परत ठेवला. तिचं तोंड एवढंसं झालं. बाकीची मुलं गोंडे कातरत होती, मी कठड्याला पाठ टेकून बसले, आणि मला आपली शाळा दिसायला लागली.

तेव्हा आम्ही छावणीत राहायचो. एका ओळीतल्या सहा खोल्या, त्यातली शेवटची आमची. वडिलांना मी अण्णा म्हणायची. ते बसगाड्या दुरुस्त करायचे, आणि मी चौथीत गेले त्या पावसाळ्यात कावीळ होऊन आठ-दहा दिवसांत गेले. आई दवाखान्यात आया म्हणून लागली. शेजारी एक फौजी राहायचा, त्याच्या बायकोकडून ती कधीतरी विणायला शिकली होती, आणि जन्मात तिनं एकच स्वेटर विणला होता, अण्णांचा. हिरवी लोकर पुरणार नाही असं दिसल्यावर तिनं सोबत तपकिरी घेतली आणि दोन्ही धागे एकत्र धरून विणलं. लांबून तो स्वेटर शेवाळ चढलेल्या खोडासारखा दिसायचा. अण्णा गेल्यावर तो लोखंडी पेटीत गेला. आई रोज कामावरून आली की हातपाय धुवायची, पेटी उघडायची, स्वेटर तोंडाशी धरून बसायची, आणि पुन्हा पेटीत ठेवून कुलूप लावायची. पेटीच्या झाकणाचा करकर आवाज आला की मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायची. त्या वेळेला ती मला ओळखत नाही, असं मला वाटायचं.

तुम्ही हे काही जाणत नव्हता. तुम्ही त्या थंडीत एवढंच पाहिलं होतं, की सकाळी प्रार्थनेला पहिलीची मुलं दोन्ही हातांनी कान दाबून उभी राहतात. तुम्ही उंच, किरकोळ, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. हस्तकलेच्या तासाला तुम्ही आम्हाला बाहेर उन्हात बसवलंत आणि म्हणालात, "या महिन्यात आपण पहिलीच्या पोरांचे कान झाकायचे." कपाळावरून कानांवर येऊन मागं बांधायची पट्टी, तिला तुम्ही कानपट्टी म्हणायचात. चपलांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर उभे धागे ताणायचे, खराट्याच्या काडीचं टोक चिरून त्यात लोकर अडकवायची आणि वरून-खालून, वरून-खालून पट्टी विणत जायची. बांधायच्या नाड्यांसाठी दोऱ्याची लाकडी रिळं लागत. तुम्ही आम्हाला घेऊन बाजारात फौजींचे कपडे शिवणाऱ्या शिंपीचाचांकडं गेलात. त्यांनी पिशवीभर रिकामी रिळं दिली आणि हसून म्हणाले, "ले जाव बाई, नै तो चुल्हे मेंच जाते." रिळाच्या डोक्यावर चार खिळे ठोकून, त्याभोवती लोकर फिरवली की खालच्या भोकातून गोल नाडी शेपटीसारखी बाहेर यायची. वर्गात त्या दिवसांत आम्ही पाढे कमी आणि शेपट्या जास्त मोजल्या.

लोकर मात्र पुरत नव्हती. कुणी मोज्याचा तुकडा आणला, कुणी पडद्याची झालर. एका पट्टीत सात रंग यायचे आणि तरी ती अर्ध्यावर संपायची. पेटीची किल्ली देवाच्या फोटोमागं असते हे मला ठाऊक होतं. त्या पंधरवड्यात आईला दवाखान्यात दोन-दोन पाळ्या होत्या, रात्री आली की पेटी न उघडताच ती आडवी व्हायची. मी स्वेटर दप्तरात कोंबला, पुस्तकं हातात घेतली आणि शाळेत आले.

तुम्ही तो उलगडून बघितला. बाह्या मापून बघितल्यात, उलट करून शिवण बघितली. "चांगला आहे गं हा. घरी विचारलंस का?"

"हो."

"आईला?"

"हो बाई. तीच म्हणाली, घेऊन जा."

त्या दुपारी सगळ्या वर्गानं अण्णांचा स्वेटर उसवला. दोघी बाही धरून बसल्या आहेत, एक धागा ओढतेय, दुसरी गुंडी करतेय. धागा सुटताना टक टक टक असा बारीक आवाज येतो आणि उसवलेली लोकर शेवयांसारखी वळवळत अंगावर येते, आणि मुलं हसतात, आणि मीही हसतेय. तुम्ही रिठ्याच्या कोमट पाण्यात त्या लडी धुतल्यात, कडुलिंबाच्या फांदीला टांगल्यात आणि सरळ व्हाव्यात म्हणून खाली दगड बांधलेत. झाडाला लोकर आणि लोकरीला दगड, असं ते झाड दोन दिवस उभं होतं. पुढच्या आठवड्यात पहिलीची सगळी पोरं एकाच रंगाच्या, हिरव्या-तपकिरी कानपट्ट्या बांधून प्रार्थनेला उभी होती. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. खरं सांगते, अण्णा गेल्यानंतर तो माझा पहिला आनंदाचा दिवस होता.

त्याच दिवशी दुपारी, बऱ्याच दिवसांनी लवकर सुटून, आई दवाखान्यातून घरी येत असताना रस्त्यात तिला एक पोरगी दिसली, नाक वाहतंय, एका हातात बोरं, आणि डोक्याला अण्णांचा स्वेटर बांधलेला. थोडं पुढं गेल्यावर आणखी एक. मग तिघं. ती घरी गेलीच नाही. कामावरची पांढरी साडी तशीच, ती शाळेच्या फाटकातून आत आली तेव्हा आपण व्हरांड्यात नाड्या कापत होतो. हेडमास्तरही तिथंच उभे होते.

"ही लोकर कुठून आणली तुम्ही?" आईनं तुम्हालाच विचारलं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. एकदाच. मी मान खाली घातली, आणि तेवढ्यात तुम्हाला सगळं समजलं असणार. मग तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "चूक माझी झाली. तुमच्या घरी येऊन विचारायला हवं होतं मी."

"चूक? माझ्या मालकाच्या अंगावरचं व्हतं ते! एवढंच ठेवलं व्हतं मी. आता पोरं नाकं पुसायलेत त्याला." आईचा आवाज फाटला. मग ती हेडमास्तरांकडं वळली. "सायेब, यांच्यावर लिवा तुम्ही वर. नाय तर मी लिवून घेते कुणाकडून."

हेडमास्तर "बघतो, बघतो" म्हणाले. तुम्ही हात जोडून उभ्या होतात. 'तुमच्या मुलीनं हो म्हणून सांगितलं' एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असता तर तुमची सुटका झाली असती. तुम्ही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पट्टी विणत असताना मागं येऊन उभ्या राहिलात आणि हळूच म्हणालात, "टाका सुटलाय बघ तिथं. कळलं की तिथंच थांबायचं, पुढं विणत जायचं नाही. नंतर फार उसवावं लागतं." मला कळलं, तुम्ही कशाबद्दल बोलताय ते. मी थांबले नाही. विणत राहिले. तुम्ही निघून गेलात.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली आणि तुम्ही नव्हता. गंगापूर तालुक्यातल्या कुठल्या गावी तुमची बदली झाली म्हणे. मुली मला म्हणाल्या, "तुझ्या आईनं बाईंना घालवलं." मला माहीत होतं, आईनं नाही. मीच घालवलं. पन्नास वर्षं मी हेच धरून चालले, बाई. कामानिमित्त गंगापूरला कितीदा गेले, कालव्याच्या कामाच्या फायली घेऊन, कधी एसटीनं, कधी जीपमध्ये दाटीवाटीनं. चार माणसांना विचारलं असतं तर तुमचं घर सापडलं असतं. मी विचारलं नाही. ऑफिसात कुणाची अडचणीच्या गावी बदली झाली की मी त्या माणसाची कामं गुपचूप करून द्यायची. लोकांना मी फार चांगली वाटायची.

रविवारी मुलं गेल्यावर मी खाली आले. आई पडवीत शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून त्या निळ्या स्वेटरचं सांगितलं, आणि सांगता सांगता, कसं कोण जाणे, दुसऱ्या स्वेटरवर आले. मोठ्यानं बोलावं लागतं तिच्याशी, त्यामुळं माझा गुन्हा मी जवळजवळ ओरडूनच कबूल केला. "आई, अण्णांचा स्वेटर बाईंनी नव्हता मागितला. मीच चोरून नेला होता. बाईंना खोटं सांगितलं, तू हो म्हणालीस म्हणून."

आईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "ठाव हाय की मला."

"काय ठाऊक आहे?"

"अगं, किल्ली कुठं ऱ्हाती ते तुला नि मला, दोघींनाच ठाव व्हतं. बाई का येऊन पेटी उघडणार व्हत्या?"

"मग तू बाईंवर का ओरडलीस?"

"तवा डोकं कुठं ठिकाणावर व्हतं माझं. घरी येऊन पडले, मग ध्यानात आलं. आईतवारी तुझ्या बाईच आल्या आपल्या घरी. तू दळण घेऊन गिरणीवर गेल्तीस."

मला हे कधीच माहीत नव्हतं, बाई. तुम्ही उरलेल्या लोकरीच्या दोन गुंड्या घेऊन आमच्या खोलीत आला होतात. आई सांगत होती, तुम्ही चटईवर बसलात, चहा घेतलात, आणि म्हणालात, सगळ्या कानपट्ट्या गोळा करते, उसवते आणि स्वतःच्या हातानं होता तसा स्वेटर परत विणून देते. आई नको म्हणाली.

"का नको म्हणालीस?"

"लेकरांची कानं उघडी करून मला काय ऊब येणार व्हती का? आन खरं सांगू का," आईनं सूप बाजूला सरकवलं, "त्यो पेटीत व्हता तवर मी रोज त्याच्यापाशीच बसायचे. तू बाहेर पायरीवर बसलेली असायचीस, मला दिसायचं सगळं, पण उठवत नव्हतं. पेटी रिकामी झाली आन मग मी संध्याकाळी तुझी येणी घालाया लागले."

ते खरं होतं. त्या थंडीपासून आई माझी वेणी घालायला लागली होती. या दोन गोष्टींची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

मी विचारलं, "आणि बदली? तू वर लिहिलंस म्हणूनच ना बाईंची बदली झाली?"

आई हसली. तिला आता दात कमी आहेत, हसली की सगळं तोंड हसतं. "येडी का काय तू! मी कुठं लिवलं? त्यांनीच मागितली व्हती बदली. त्यांची म्हातारी आई तिकडं गावाला एकटी, डोळ्यानं अधू. दोन वरसं झाले म्हणल्या अर्ज देऊन. बदली झाली तवा लई खूश व्हत्या बाई. स्टँडवर पोचवाया मीच गेल्ते. दशम्या दिल्त्या बांधून."

"मला का नाही सांगितलंस गं हे? पन्नास वर्षांत?"

"त्याच म्हणल्या व्हत्या. तुमी इचारू नका तिला, तिचं तिला सांगू द्या. म्हणलं, बरं. तू काय सांगितलंच नाय. मग मला बी याद राहिली नाय." आणि ती पुन्हा शेंगा घेऊन बसली.

मी उठून आत गेले आणि मोरीत तोंड धुतलं, बराच वेळ. रडू आलं म्हणावं तर तसं नव्हतं. लांबच्या प्रवासातून घरी येऊन जड पिशवी खाली ठेवली की बोटं कितीतरी वेळ तशीच वळलेली राहतात ना, तसं काहीतरी अंगात होत होतं. तुम्ही माझ्यामुळं गेला नव्हता. तुम्ही आईच्या हातच्या दशम्या घेऊन, तुमच्या आईकडं, आनंदानं गेला होतात. दोघी मिळून मला बोलायला मोकळीक देऊन बसल्या होतात, आणि मी मात्र तेवढी वर्षं तुमच्यापासून तोंड लपवत होते.

मग त्या मुलीच्या घरी फोन लावला. तिच्या आईला म्हटलं, एक निळा स्वेटर आणला होता तिनं. ती म्हणाली, "हो काकू, मीच दिला. तिच्या मामाचा आहे, त्यानंच सांगितलं, देऊन टाक. का हो, कसर लागलीय का त्याला?" मी म्हटलं, "नाही नाही, छान आहे." पोरगी खरं बोलली होती. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. आईनं बाहेरून विचारलं, "काय झालं गं?" आज सकाळी मुलं आली, आम्ही तो स्वेटर उसवला. त्या पोरीला मी पहिला धागा ओढायला दिला, आणि गेल्या वेळी परत पाठवलं त्याबद्दल तिला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. तिला वाटलं, मी गंमत करतेय. अंगणवाडी इथून दोन गल्ल्या सोडून आहे. तिथल्या पोरांसाठी पट्ट्या करायच्या ठरल्यात. लडी धुऊन गच्चीवर टांगल्यात, अजून ओल्या आहेत.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. पत्ता नाही, आणि असता तरी तिथं आता दुसरं कुणी राहत असेल. लिहून झालं, बरं वाटतंय, खूप बरं वाटतंय. तरी एक राहिलंय, ते आईलाही सांगितलेलं नाही. नोकरीत असताना एकदा परतीची बस गंगापूरच्या स्टँडवर थांबली होती. तुम्ही खाली उभ्या होतात, केस पांढरे, हातात कापडी पिशवी, आणि वर माझ्याच खिडकीकडं बघत होतात. बसची पाटी वाचत होतात की मला ओळखलं होतंत, ते मला कळलं नाही. मी काच ओढून घेतली, डोक्यावरून पदर घेतला आणि झोपेचं सोंग केलं. बस तिथं चांगली दहा मिनिटं उभी होती.